द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स : कुत्र्यापेक्षा तो कागद जास्त डेंजर

आधीच सांगून टाकते, यात स्पॉयलर आहेत आणि सगळेच्या सगळे आहेत. सव्वाशे वर्षं होत आलेल्या कादंबरीला कसली आलीये वॉर्निंग असं कोणी म्हणेलही, पण रहस्यकथा पहिल्यांदा वाचायची मजा एकदाच मिळते, त्यामुळे ज्यांनी वाचली नाहीये त्यांनी मी मध्ये जिथे थांबा म्हणेन तिथे खरंच थांबा, पुस्तक वाचा आणि मग उरलेलं वाचायला या.

बेसिक माहिती पटकन. कॉनन डॉयलची कादंबरी, शेरलॉक होम्सची. स्ट्रँड मासिकात ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ क्रमशः आली आणि १९०२ मध्येच पुस्तक निघालं. १८९३ मध्ये डॉयल साहेबांनी होम्सला स्वित्झर्लंडच्या धबधब्यात ढकलून मोकळं केलेलं, लोकांनी बोंबाबोंब केली तरी आठ वर्षं दाद दिली नाही, आणि मग ही गोष्ट हातात आली तेव्हा होम्सला आणलं पण जिवंत वगैरे केलं नाही, ही केस त्याच्या मरणाआधीची आहे असं धरून चालायचं. गोष्ट घडते १८८९ मध्ये. हे सालसुद्धा पुस्तक थेट सांगत नाही, पहिल्याच प्रकरणात एका विसरलेल्या काठीवर १८८४ कोरलेलं असतं आणि त्याला पाच वर्षं झाली असं बोलण्यात येतं, तिथून आपण काढायचं. म्हणजे लिहिली तेव्हाच ती दहाबारा वर्षं मागची होती, आणि तिच्या पोटात अजून दोन जुने काळ आहेत, एक १७४२ चा कागद आणि त्या कागदात सांगितलेली १६४० च्या दशकातली, तिकडच्या यादवी युद्धाच्या वेळची हकीकत.

स्टोरी अशी. इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हन परगणा, तिथे डार्टमूर नावाचं अवाढव्य ओसाड माळरान. ग्रॅनाइटचे सुळके, दलदल, धुकं, कांस्ययुगातल्या माणसांच्या दगडी झोपड्यांची गोल जोती आणि मधोमध एक तुरुंग. या माळाच्या कडेला बास्करव्हिल हॉल, पिढीजात जमीनदारांची हवेली. मालक सर चार्ल्स, दक्षिण आफ्रिकेत सट्ट्यात बक्कळ पैसा करून परत आलेला, भला माणूस, गावाला मदत करणारा. मे महिन्यात एका रात्री सिगार ओढायला बागेतल्या यू नावाच्या झाडांच्या बोळात जातो आणि मेलेला सापडतो. अंगावर जखम नाही. हृदयविकार होताच, चौकशीत नैसर्गिक मृत्यू म्हणून फाइल बंद. पण त्याचा डॉक्टर मॉर्टिमर लंडनला होम्सकडे येतो आणि सांगतो की प्रेतापासून थोड्या अंतरावर मी एक गोष्ट पाहिली आणि चौकशीत बोललो नाही. कसले ठसे ते टायटलवरूनच कळतं.

मॉर्टिमरच्या खिशात तो १७४२ चा कागद असतो. घराण्याचा एक पूर्वज ह्यूगो, दारुडा आणि नालायक, शेतकऱ्याच्या पोरीला पळवून आणून वरच्या खोलीत कोंडतो, ती भिंतीवरच्या आयव्हीच्या वेलीला धरून खाली उतरते आणि रात्री माळावरून घराकडे पळते, हा शिकारी कुत्रे सोडून घोड्यावर मागे जातो. मित्र पोचतात तेव्हा पोरगी मरून पडलेली आणि ह्यूगोच्या नरड्यावर एक प्रचंड काळं जनावर उभं. तेव्हापासून घराण्याला शाप. कागदाच्या शेवटी एक टीप आहे जी मला फार आवडते, लिहिणारा म्हणतो की हे मी माझ्या दोन मुलांसाठी लिहितोय आणि त्यांनी त्यांच्या बहिणीला म्हणजे एलिझाबेथला यातलं काही सांगायचं नाही. एका ओळीत अख्खं घर उभं राहतं! शाप पण वारसाहक्कानेच चालतो, पोरांना देतात, पोरीला नाही.

इथपर्यंत वाचून पुस्तक घ्यावंसं वाटलं असेल तर घ्या आणि इथेच थांबा. पुढे खुनी आहे.

ओके. तर खुनी स्टेपलटन, शेजारचा फुलपाखरं पकडणारा निरुपद्रवी मास्तर. खरं सांगायचं तर हे अर्ध्या पुस्तकातच लक्षात येतं, कारण माळावर माणसं किती, हाताच्या बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यातला हा एकटाच प्रत्येक वेळी जरा जास्तच गोड बोलतो. बरेच लोक यावरून पुस्तकाला नावं ठेवतात की सस्पेन्स टिकत नाही. मला ते पटत नाही. कोणी केलं हा या पुस्तकाचा खरा प्रश्नच नाहीये, कशाने केलं हा आहे, आणि त्याचं उत्तर कुत्र्याने असं नाही.

बघा ना, कुत्रा सर चार्ल्सला चावलेलाच नाही. त्याने नुसता पाठलाग केला, म्हातारा घाबरून धावला आणि हृदय बंद पडून मेला, मेल्यावर कुत्र्याने तोंडही लावलं नाही. उद्या कोर्टात उभं केलं तर काय सिद्ध करणार, कुत्रा दिसला म्हणून माणूस मेला? होम्स स्वतःच म्हणतो की आपल्याकडे केसच नाहीये. स्टेपलटनला दोन गोष्टी माहीत होत्या, म्हाताऱ्याचं हृदय कमजोर आहे आणि तो ती दंतकथा मनापासून खरी मानतो. तेवढं पुरलं. लंडनमधून एक दांडगं जनावर विकत आणलं, ब्लडहाउंड आणि मॅस्टिफचं मिश्रण, त्याच्या थोबाडाला चमकणारा लेप फासला आणि अंधारात सोडलं. बाकीचं काम दीडशे वर्षांपूर्वीच्या कागदाने केलं. हाच कुत्रा लंडनच्या एखाद्या गल्लीत सोडला असता तर लोकांनी दगड मारून हाकलला असता.

आणि आता परत जाऊन ती दंतकथा नीट वाचा. पोरगी कशाने मेली होती? कुत्र्याने नाही, भीतीने आणि थकव्याने, कागदात स्पष्ट लिहिलंय. जे तिघे मित्र पुढे गेले होते त्यातला एक तर जे पाहिलं त्या धक्क्यानेच त्याच रात्री मेला. म्हणजे खून कसा करायचा याची कृती दुसऱ्याच प्रकरणात डॉयलने आपल्यासमोर वाचून दाखवलीये आणि आपण सगळे ह्यूगोच्या नरड्याकडे बघत बसलोय. ही चलाखी कळली तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून चक्क हसले. त्यात भर म्हणजे खुनाआधी माळावरच्या तीन जणांनी चमकणारं जनावर आधीच पाहिलेलं असतं, त्यातला एक घोड्यांना नाल मारणारा, एक शेतकरी, सगळे डोकं ठिकाणावर असलेले लोक. ते गावभर सांगतात, गाव घाबरतं, रात्री माळावर कोणी फिरकत नाही, आणि स्टेपलटनला मोकळं रान. फुकटची पब्लिसिटी!

आता बूट. माझ्या मते सगळ्या रहस्यकथांमधल्या सगळ्यात भारी क्लूंपैकी हा एक आहे. नवा वारस सर हेन्री कॅनडाहून येतो आणि लंडनच्या हॉटेलात उतरतो. नवे कोरे तपकिरी बूट, अजून पायातसुद्धा घातलेले नाहीत, रात्री पॉलिशला दाराबाहेर ठेवतो आणि सकाळी त्यातला एकच गायब. एक बूट चोरून कोणी काय करणार? सगळे हसण्यावारी नेतात. मग जुना काळा बूट जातो, तोही एकच, आणि थोड्याच वेळात तो नवा तपकिरी खोलीतच कपाटाखाली सापडतो. वेटर बिचारा शिव्या खातो. होम्स मात्र गप्प होतो. का, तर नवीन बुटाला माणसाचा वास नसतो म्हणून तो चोराला नकोय, वापरलेलाच पाहिजे. आणि वास कोणाला लागतो? खऱ्या कुत्र्याला. भुताला बुटाचा वास कशाला देईल कोणी. डेव्हनला पाय ठेवायच्या आधी, लंडनच्या हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये, शापाची हवा निघालेली असते, फक्त वाचणाऱ्याला ते कळत नाही कारण तो आपला धुकं आणि हवेलीची वाट बघत असतो.

मोटिव्ह तर एकदम घरगुती, थोडक्यात भाऊबंदकी. स्टेपलटन हा चार्ल्सच्या बदनाम धाकट्या भावाचा मुलगा, मध्य अमेरिकेत वाढलेला, सरकारी पैसा खाऊन नाव बदलून इंग्लंडला आलेला, आधी यॉर्कशायरमध्ये शाळा चालवून बुडवलेला. इस्टेट आणि त्याच्यात दोन जीव उभे, चार्ल्स आणि हेन्री. इतर वाटण्या होऊन हेन्रीला मिळणार असतात ७,४०,००० पौंड, १८८९ चे हं, आजचे नाही. एवढ्या पैशांसाठी माणूस कुत्रा पाळेल नाहीतर काय. आणि हे नातं होम्सला कसं कळतं तर जेवणाच्या दालनातल्या एका चित्रावरून, त्याच नालायक ह्यूगोचं १६४७ चं पोर्ट्रेट. होम्स मेणबत्ती वर धरतो, हाताने चित्रातली मोठी हॅट आणि कुरळे केस झाकतो, आणि कॅनव्हासवरून स्टेपलटन आपल्याकडे बघत असतो. दोनशे वर्षं भिंतीवर लटकलेला साक्षीदार.

हवेलीचं वर्णन डॉयलने हात राखून केलंय, पण जेवढं आहे तेवढं मस्त. झाडांचा अंधारा रस्ता, आयव्हीने झाकलेला मधला भाग, वर दोन जुने बुरूज, आत काळं पडलेलं लाकूड, रात्री कुठेतरी बाई रडल्याचा आवाज आणि सकाळी बटलर म्हणतो छे, कोणी रडलं नाही. यात मला सगळ्यात आवडलेलं वाक्य हेन्रीचं आहे, तो पहिल्यांदा तो अंधारा रस्ता बघतो आणि म्हणतो सहा महिन्यांत इथे विजेच्या दिव्यांची रांग लावतो, दारासमोर हजार कॅंडलपॉवरचा स्वान आणि एडिसनचा दिवा. अमेरिकेत राहिलेला माणूस, शापावर त्याचा उपाय म्हणजे लाइट लावा! हा रोखठोकपणा नंतर हळूहळू कसा विरघळत जातो ते बघण्यासारखं आहे, शेवटी तोच हेन्री पार कोलमडतो आणि बरं व्हायला मॉर्टिमरबरोबर जगप्रवासाला निघतो.

लोककथेचा भाग डॉयलने हवेतून आणलेला नाही. त्याचा पत्रकार मित्र बर्ट्राम फ्लेचर रॉबिन्सन, दोघे १९०१ मध्ये नॉरफोकला क्रोमरमध्ये सुट्टीवर होते तिथे गप्पांत भुताळी कुत्र्याचा विषय निघाला, मग दोघांनी डार्टमूरला जाऊन प्रिन्सटाउनमध्ये मुक्काम ठोकला आणि माळ पायी तुडवला. रॉबिन्सनच्या घरच्या गाडीवानाचं आडनाव बास्करव्हिल होतं, ते उचललं. ह्यूगोचं मूळ म्हणून बहुतेक जण बकफास्टलीच्या रिचर्ड कॅबेलकडे बोट दाखवतात, १६७७ मध्ये मेलेला जमीनदार, याने सैतानाला आत्मा विकला होता आणि हा मेला त्या रात्री काळे कुत्रे माळावरून रडत आले अशी तिकडे कथा आहे. त्याच्या थडग्यावर जड शिळा आणि भोवती लोखंडी गज लावलेली खोली आहे, लोक म्हणतात बाहेर येऊ नये म्हणून. शेजारचं चर्च १९९२ मध्ये जळालं, म्हणजे दंतकथेला अजून एक मजला चढला असणार. डार्टमूरवरच विस्टमन्स वुड म्हणून बुटक्या, शेवाळलेल्या ओकांचं रान आहे, तिथून विश्ट हाउंड्स नावाचे भुताळी शिकारी कुत्रे सुटतात म्हणे. आणि पूर्व किनाऱ्याकडे ब्लॅक शक नावाचा भुताळी कुत्रा, ज्याने ४ ऑगस्ट १५७७ ला वादळात सफोकमधल्या दोन चर्चमध्ये घुसून माणसं मारली असं त्या काळच्या एका पत्रकात छापलंय, ब्लायबर्गच्या चर्चच्या दारावर त्याच्या नखांचे म्हणून जळके डाग अजून दाखवतात. हे वाचल्यावर लक्षात येतं की डॉयलने किती कमी घेतलंय. शिंगं नाहीत, डोकं नसलेला घोडेस्वार नाही. एक कुत्रा, एक घराणं, बास. म्हणून ते खरं वाटतं.

पुस्तकातली ग्रिम्पेनची दलदल पण अशीच खऱ्या फॉक्स टॉर मायर्सवरून घेतली असं मानतात. त्यात एक पोनी बुडतं तो प्रसंग अर्ध्या पानाचा असेल, लांब मान वर करून धडपडतं, ओरडतं आणि जातं, आणि शेजारी उभा स्टेपलटन निवांतपणे सांगतो की दोन दिवसांत हे दुसरं गेलं, मला मात्र आतली वाट माहितीये. पूर्ण पुस्तकात मला भीती वाटली ती इथे. कुत्र्याची नाही वाटली.

आता कुरकुर. होम्स मधले बरेच चॅप्टर गायब आहे, त्याचा मित्र वॉटसन एकटाच हवेलीत राहतो आणि पत्रं आणि डायरी लिहितो. काहींना हा भाग संथ वाटतो, मला उलट हाच आवडतो, कारण वॉटसन हुशारी न दाखवता घराकडे नीट बघतो. पण होम्स इतके दिवस माळावरच दगडी झोपडीत लपून बसला होता आणि वॉटसनची पत्रं फिरून तिथेच त्याच्याकडे येत होती, हे कळल्यावर वॉटसन जेवढा चिडतो त्याच्या दुप्पट चिडायला हवा होता. शिवाय क्लायमॅक्सला होम्सने हेन्रीला सरळ आमिष म्हणून वापरलंय, धुकं आल्यावर प्लॅन जवळपास फसतोच, त्याआधी हेन्रीचे जुने कपडे घातले म्हणून पळालेला कैदी सेल्डन हकनाक मेलेला असतो. म्हणजे डिटेक्टिव्हच्या नाकाखाली एक बळी गेला आणि दुसरा थोडक्यात वाचला, टाळ्या कसल्या वाजवायच्या.

कुत्र्याच्या लेपातल्या फॉस्फरसचं तर विचारूच नका. अंधारात चमकणारा म्हणजे पांढरा फॉस्फरस, तो साधारण ३० अंशांना हवेत पेट घेतो आणि कुत्र्याचं अंग त्याहून गरम. विषारी तर इतका की काडेपेटीच्या कारखान्यातल्या बायकांच्या जबड्याची हाडं सडायची, लंडनमध्ये १८८८ मध्येच त्या कामगार मुलींचा गाजलेला संप झाला होता, आणि डॉयल स्वतः डॉक्टर. तो लेप थोबाडाला लावलेला कुत्रा पाठलाग करण्याऐवजी तिथेच लोळला असता. होम्स एका वाक्यात चतुर मिश्रण होतं म्हणून उडवून लावतो. बरं.

बेरिलचं प्रकरण मला सगळ्यात जास्त खटकतं. स्टेपलटनची बायको, जिला तो बहीण म्हणून मिरवतो आणि हेन्रीसमोर ठेवतो, मारहाण करतो, शेवटी खांबाला बांधून ठेवतो. टाइम्समधले शब्द कापून हेन्रीला इशाऱ्याचं पत्र पाठवणारी तीच, जीव धोक्यात घालून. पण तिची बाजू आपल्याला दोन-तीन तुकड्यांत कळते आणि मग ती कथेतून सुटते ती सुटतेच. आणि डॉयललाही न सुटलेला प्रश्न म्हणजे, दोन्ही वारस मेल्यावर हा शेजारी खोट्या नावाने राहणारा माणूस अचानक मीच वारस म्हणून उभा राहिला असता तर कोणाला संशय आला नसता का? वॉटसन शेवटी हे विचारतो, होम्स तीन शक्यता सांगतो आणि विषय बदलतो. शेवटचं प्रकरण तसंही हिशोब जुळवायला आहे, चाळलं तरी चालेल.

मात्र माळावरच्या शेजारी फ्रँकलंड म्हाताऱ्यावर माझा जीव आहे. केसेस लढायचा छंद, निव्वळ भांडायच्या हौसेने, आज एका बाजूने उद्या दुसऱ्या बाजूने, वाटेचा हक्क, जंगलात येण्याजाण्याचा हक्क, पैसा त्यातच उडवलेला. एकदा गावकरी त्याला खांद्यावर घेऊन मिरवतात, एकदा त्याचा पुतळा जाळतात. दुर्बीण लावून माळावर नजर ठेवतो आणि नकळत वॉटसनला नेमका धागा देतो. पोटच्या पोरीशी मात्र बोलत नाही. हा एवढा माणूस डॉयलने किती थोड्या पानांत उभा केलाय.

कुठली प्रत घ्यावी: मी एका प्रकाशनाची स्वस्तातली घेतली होती, नाव घेत नाही, बारीक टाइप, मागच्या कव्हरवर खुन्याचा धंदा लिहून ठेवलेला, आणि चित्रं गाळलेली. हे शेवटचं जास्त लागलं, कारण मूळ स्ट्रँडमध्ये सिडनी पॅजेटची चित्रं होती आणि धुक्यातून उडी मारणारा कुत्रा त्याच्याकडूनच बघावा. मजकूर आता कॉपीराइटमधून मोकळा आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर इंग्रजी फुकट मिळते, म्हणून पैसे द्यायचेच असतील तर पॅजेटची चित्रं आणि डार्टमूरचा नकाशा असलेल्या प्रतीलाच द्या. इंग्रजी जुनं आहे पण अवघड नाही, १७४२ च्या कागदाचा भाग तेवढा दोनदा वाचावा लागेल. पाचातले चार स्टार, एक कापला तो बेरिलसाठी.